आबांची चोपडी आणि तुझा कॉम्प्युटर

प्रिय मित्रा,

शुक्रवारी रात्री तुझा फोन आला तेव्हा मी पीएमटीत लोंबकळत होतो, त्यामुळं निम्मं ऐकू आलं आणि निम्मं नाही, पण एवढं कळलं की दुकानातल्या पोरानं मोबाईलवर आलेली लग्नपत्रिका उघडली आणि तासाभरात दुकानाच्या व्हॉट्सॲपवरून निम्म्या भिलवडीला "अर्जंट पाच हजार पाठवा, सकाळी देतो" असे मेसेज गेले. आणि वर तू मलाच विचारतोस, "आपलं खतं-औषधांचं दुकान, आपल्याकडं चोरण्यासारखं आहे काय रे?" हे तुझं वाक्य दोन दिवस डोक्यात फिरतंय म्हणून आज रविवारी निवांत लिहायला बसलोय. फोनवर तू ऐकत नाहीस, मधेच गिऱ्हाईक येतंय.

आधी जळतंय ते विझवू. ती पत्रिका नव्हतीच. पत्रिका फोटो असते नाहीतर पीडीएफ असते, जिच्या नावाच्या शेवटी एपीके लिहिलेलं असतंय ते ॲप असतंय, आणि ते बसलं की पहिल्यांदा एसएमएस वाचायची परवानगी मागतं. पोरानं हो-हो करत दाबलं असणार. एकदा एसएमएस वाचता आले की ओटीपी तुझ्या आधी त्या चोराला दिसतो, मग व्हॉट्सॲप काय आणि बँक काय. तर त्या फोनमधलं सिम काढ, दुसऱ्या चांगल्या फोनमध्ये घाल आणि तिथं व्हॉट्सॲप नव्यानं चालू कर, तुझ्याकडं चालू झालं की त्याच्याकडचं आपोआप बंद पडतं. त्यानं मधल्या मधे स्वतःचा पिन लावून ठेवला असेल तर ७ दिवस थांबावं लागतं, त्याला इलाज नाही, पण तोही तेवढ्यात आत राहत नाही. चालू झालं की लिंक्ड डिव्हायसेसमध्ये जाऊन जे अनोळखी दिसेल ते लॉगआऊट कर आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा ६ आकडी पिन लाव, आणि तो दुकानाच्या पिनकोडचा आकडा नको, तुला ओळखतो म्हणून सांगतोय. जुना फोन पूर्ण रिसेट मारायचा, "ॲप काढून टाकलं" एवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही. बँकेला कळव. आणि ज्या कुणी पाच हजार खरंच पाठवले असतील त्यांना म्हणावं आत्ताच्या आत्ता १९३० ला फोन लावा, पैसे पुढच्या खात्यातून काढून घ्यायच्या आत तक्रार गेली तर ते गोठवता येतात, दोन दिवसांनी गेलात तर फक्त कागद हातात राहतो. सायबर क्राईमच्या पोर्टलवर पण तक्रार टाका.

आता तुझा प्रश्न. काय आहे चोरण्यासारखं?

तुला आठवतंय का, आपण आठवीत असताना दुकानात बसून आबांची उधारीची चोपडी उघडली होती आणि वर्गातल्या एकाच्या बापाची उधारी मोठ्यानं वाचून हसत होतो. आबांनी दोघांच्याही कानाखाली काढली होती. माझ्या तर जास्त जोरात, पाहुणा असून. आणि म्हणाले होते की दुकानातली उधारी दुकानाच्या उंबऱ्याबाहेर गेली तर त्या माणसाच्या पोरीचं लग्न मोडतंय. तेवढी एक गोष्ट आबांना कळत होती जी आज मोठमोठ्या कंपन्यांना वकील ठेवून शिकावी लागते. आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढायला लागलं तेव्हा आबांनी पहिल्यांदा काय उचललं? गल्ला नाही, टीव्ही नाही, चोपड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन माळ्यावर गेले. तू कॉम्प्युटर खालीच ठेवलास, टेबलावर आहे की म्हणून, आणि पाणी टेबलाच्या वर गेलं. पाणी उतरल्यावर आबांच्या हाताच्या चोपडीवरून तू सहा महिने टॅलीत, त्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, परत एंट्र्या मारत होतास. आता आबा चोपडी लिहीत नाहीत. म्हणजे यंदा पाणी आलं, किंवा पाण्याऐवजी दुसरं काय आलं, तर डोक्यावर उचलायला काहीच नाहीये.

तू म्हणशील बॅकअप घेतो की पेनड्राईव्हवर. घेतोस, मला माहिताय, तो पेनड्राईव्ह किल्लीच्या जुडग्यात असतो आणि जुडगा कॉम्प्युटरशेजारच्या खिळ्याला. पाणी दोन्हीला एकाच वेळी लागणार ना! आणि खरं सांगू का, माझ्या हातून सुद्धा झालंय. इथल्या एका औषधाच्या होलसेलरकडं मी बॅकअप लावून दिला होता, रोज रात्री हिरवी खूण यायची, मालक खूश, मी पण खूश. मधे कुणीतरी टॅलीचा डेटा सी ड्राईव्हवरून डी ड्राईव्हवर हलवला. बॅकअप बिचारा जुनंच फोल्डर इमानदारीत कॉपी करत राहिला. डिस्क गेली तेव्हा उघडून बघितलं तर चौदा महिन्यांपूर्वीचा डेटा. मालक काही बोलले नाहीत, चहा मागवला, आणि तो चहा मला अजून गिळवत नाही. तेव्हापासून मी हिरव्या खुणेवर विश्वास ठेवत नाही, परत उघडून बघितल्याशिवाय तो बॅकअपच नाही.

तर तुझ्यासाठी असं कर. रात्री दुकान बंद करताना टॅलीप्राईममध्ये ऑल्ट आणि वाय दाबलंस की डेटाचा मेनू येतो, त्यात बॅकअप. एक कॉपी कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि एक गावाबाहेर. गावाबाहेर म्हणजे गुगल ड्राईव्ह म्हण, त्यावर ती बॅकअपची फाईल चढवायची. टॅलीचं चालू फोल्डरच सिंकला, म्हणजे आपोआप ड्राईव्हवर कॉपी व्हायला, लावून ठेवायचं नाही, टॅली उघडी असताना सिंक मधे घुसला की डेटा खराब होतो, आणि व्हायरसनं इकडची फाईल बिघडवली की सिंक ती बिघडलेलीच तिकडं पाठवतो. हार्ड डिस्क काम झालं की काढून घरी न्यायची, हे सगळ्यात महत्त्वाचं. खंडणीवाला व्हायरस येतो तो कॉम्प्युटरला जे जे जोडलेलं आहे ते सगळं कुलूपबंद करतो, चोवीस तास जोडलेली डिस्क म्हणजे चोराला तिजोरीसकट किल्ली. आणि महिन्यातून एकदा, दर अमावस्येला म्हण, लक्षात राहील, वेगळं रिकामं फोल्डर करून त्यात बॅकअप रिस्टोअर करून बघायचा. वेगळ्याच फोल्डरमध्ये हं, नाहीतर चालू डेटावर जुना बसेल आणि मग मला शिव्या घालशील. शेवटची चार बिलं दिसली की झालं. जीएसटीवाल्यांना वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने पुस्तकं दाखवता आली पाहिजेत, त्यांना पुराची गोष्ट सांगून भागत नाही.

खंडणीवाला व्हायरस तुझ्याकडं कुठून येईल हे पण मला माहिताय. तुझा अकाउंटंट सांगलीत घरी बसून तुझ्या टॅलीत काम करतो, त्यासाठी कुणीतरी येऊन राऊटरवर रिमोट डेस्कटॉप, म्हणजे लांबून तुझा कॉम्प्युटर चालवायची सोय, उघडून दिलंय आणि पासवर्ड आहे दुकानाचं नाव आणि १२३. अरे, हे दार कोण शोधत बसत नाही, प्रोग्रॅम असतात, जगातल्या प्रत्येक पत्त्यावर जाऊन ३३८९ नंबरचं दार उघडं आहे का बघतात आणि उघडं दिसलं की पासवर्ड मारत बसतात रात्रभर. त्यांना भिलवडी कुठं आहे हे माहीत नसतं आणि माहीत असायची गरज पण नसते, म्हणून ते "आपण लहान माणसं" वगैरे काही कामाचं नाही. ते दार बंद करायचं. अकाउंटंटला बॅकअपची फाईल पाठव, नाहीतर व्हीपीएन, म्हणजे फक्त तुम्हा दोघांपुरती बंद वाट, लावून देतो मी. आणि दुकानातल्या त्या मशीनवर विंडोज १० आहे ना, त्याचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे नवीन भोक सापडलं तरी बुजवायला आपसूक कुणी येणार नाही. मशीन ११ घेत असेल तर चढवू, नसेल तर पुढच्या सीझनला बदल. क्रॅक केलेलं कुठलंच सॉफ्टवेअर ठेवायचं नाही, तो "ॲक्टिव्हेटर" चालवायला अँटीव्हायरस बंद करा म्हणतात तिथंच ओळखायचं काय ते. टॅलीला पासवर्ड लावताना मात्र वॉल्टचा, म्हणजे सगळा डेटाच कुलूपबंद करणारा, पासवर्ड कागदावर लिहून वहिनींच्या कपाटात ठेव, तो विसरला तर कुणालाच काढता येत नाही.

आता शेतकऱ्यांच्या कागदांवर येतो, याचाच मला जास्त राग आहे, तुझ्यावर नाही, म्हणजे तुझ्यावर पण.

तुझ्या दुकानाच्या मोबाईलच्या गॅलरीत काय काय आहे बघ एकदा. आधारचे फोटो, सातबारे, बँक पासबुकं, कुठल्यातरी सबसिडीसाठी चार वर्षांपूर्वी मागवलेली. युरियाचं पोतं देताना माणूस पॉस मशीनवर अंगठा देतो, तिथं काम संपतं, मग आधारची झेरॉक्स फाईलला का लावतोस? "असावी म्हणून." हे "असावी म्हणून" बंद कर. खरंच लागणार असेल तर मास्क्ड आधार घे, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात, काम झालं की फोटो डिलीट आणि ट्रॅशमधून पण डिलीट. जे आपल्याकडं नाहीच ते चोरीला जात नाही.

आणि मागच्या वर्षी कुठल्यातरी कंपनीचा माणूस आला आणि तू त्याला शेतकऱ्यांची एक्सेल देऊन टाकलीस, नाव, मोबाईल, पीक, एकर आणि एका कॉलममध्ये बाकी! तू म्हणालास की त्यानं डेमो प्लॉटसाठी मागितली होती आणि दिवाळीला मिठाईचा बॉक्स दिला. त्यानं ती पुढं कुणाला दिली हे तुला माहिताय का? द्राक्षवाल्याची बाकी कर्ज देणाऱ्या ॲपवाल्याच्या हातात गेली की त्याला दिवसाला वीस फोन येतात. आबांनी तुला परत एकदा कानाखाली काढली असती.

त्याचा कायदा पण झालाय बरं का. २०२३ मध्ये डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शनचा कायदा पास झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य बंधनं लागू व्हायला त्यानंतर १८ महिने दिलेत म्हणजे साधारण मे २०२७. सुरक्षा नीट ठेवली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत लिहिलाय, घाबरू नकोस, तो वरचा आकडा आहे आणि चूक केवढी, किती लोकांना लागली हे बघून ठरवतात, भिलवडीच्या दुकानाला कुणी २५० कोटी मागणार नाही. पण त्यातली गोष्ट साधी आहे. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामाला वापरायची, काम संपलं आणि दुसऱ्या कायद्याला ती लागत नसेल तर पुसून टाकायची, आणि फुटली तर सरकारी बोर्डाला आणि ज्यांची फुटली त्यांना सांगायचं. शेवटचं तर तू कायद्याची वाट न बघता आत्ताच कर. लोकांना वाटतंय तू खरंच पैसे मागितलेस, काही जण लाजेनं विचारत पण नाहीत. दुकानासमोर फळ्यावर लिही, सोसायटीत सांग, देवळात सांग.

बाकी किरकोळ. दुकानाचा नंबर ज्या पोराच्या नावावर घेतलेला तो सोडून जाऊन तीन वर्षं झाली ना? त्यानं उद्या सिम बंद करून दुसरं काढलं तर तुझं व्हॉट्सॲप, बँक आणि जीएसटीचा ओटीपी सगळं त्याच्याकडं. भला पोरगा आहे म्हणून चाललंय. गॅलरीत जाऊन नंबर स्वतःच्या नावावर करून घे, मोबाईलची गॅलरी म्हणतोय, आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर बघ तुझ्या नावावर अजून किती सिम फिरतायत. काउंटरवरचा क्यूआर रोज सकाळी स्वतः स्कॅन करून नाव बघ, वरून दुसरा स्टिकर चिकटवतात. पेमेंटचा स्क्रीनशॉट म्हणजे पेमेंट नव्हे, साउंडबॉक्स बोलला नाही तर बँकेचं ॲप उघडून बघ. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही, कोण कितीही गोड बोलला तरी. आणि कंपनीकडून "आमचा बँक अकाउंट बदललाय" असा मेल आला तर मेलमधल्या नंबरला नाही, तुझ्याकडं आधीपासून असलेल्या नंबरला फोन करून विचारायचं.

त्या पोराला मात्र काढू नकोस. चुकला आणि तासाभरात स्वतः येऊन तुला सांगितलं, हे जास्त महत्त्वाचं. त्याला झापलंस तर पुढच्या वेळी तो लपवेल आणि तुला आठ दिवसांनी कळेल.

मी शनिवारी सकाळच्या गाडीनं येतोय, हार्ड डिस्क इथून घेऊन येतो, राऊटर आणि अकाउंटंटचं मी बघतो. तोपर्यंत त्या मशीनवर नवीन काही टाकू नकोस. एक काम मात्र आजच कर, काउंटरवरचा मॉनिटर भिंतीकडं फिरव. गेल्या वेळी आलो होतो तेव्हा बाकड्यावर बसून चहा पिता पिता मला अर्ध्या गावाची बाकी वाचता आली होती, आणि मी एकटा नव्हतो बाकड्यावर.

आबांना नमस्कार, वहिनींना सांग जेवायला आहे.

तुझा,
तिसऱ्या बाकावरचा पार्टनर