यंदा शाळा बंद ठेवायची नाही

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, रागावू नका. आधी ठरलेलं सांगते, कारणं मागाहून. यंदा आपली गणपतीच्या मूर्ती घडवायची शाळा चालू राहणार आहे. 'मूर्तीसाठीचे पाट दुसरीकडे द्या' असा निरोप तुम्ही ज्यांना ज्यांना धाडलात, त्या सगळ्यांना मी इथून फोन करून पाट आपल्याकडेच आणायला सांगितलंय. शाडूची पोती बाबल आणेल, पैसे त्याला पोचले. माझी रजाही मंजूर झाली. इथलं काम आटोपून नागपंचमीच्या आत घरी येते, ती शेवटचा गणपती शाळेतून जाईपर्यंत हलत नाही. तुम्हाला न विचारता केलं, कारण एकदा तुमच्या तोंडून 'नाही' निघालं की ते आजोबांनासुद्धा फिरवता येत नसे.

तुमचं म्हणणं मला पाठ आहे. "एका डोळ्यान देवाचे डोळे कशे आखतलंय?" दिवाळीत पडवीत बसून म्हणालात आणि उठून आत गेलात. आई चुलीपाशी गप्प. मलाही तेव्हा काही सुचलं नाही. आता जे सुचलंय ते इथे सिएटलला एका माणसाचं काम बघून, म्हणून पत्र. फोनवर तुम्ही मला पुरतं बोलू देत नाही.

इथे डेल चिहुली या काचशिल्पकाराचं संग्रहालय आहे, २०१२ साली उघडलेलं. स्पेस नीडल नावाचा ६०५ फुटी मनोरा आहे ना, ज्याचा फोटो मी आईला पाठवला होता, त्याच्या पायथ्याशीच. ऑफिसातल्या मुली जात होत्या म्हणून मी गेले, आणि त्या निघून गेल्या तरी मी तिथेच होते. खोल्या काळोख्या, उजेड फक्त काचेवर. एका खोलीत समुद्र उभा केलाय, निळ्या काचेचा उंच मनोरा आणि त्याला बिलगलेले समुद्रातले जीव. दुसरीकडे छतच काचेचं, त्यावर रंगीत थाळ्या आणि शंखशिंपल्यांसारखे आकार एकावर एक रचलेत, वरून दिवे. लोक माना वर करून उभे. एका जुन्या लाकडी होडीत नुसते काचेचे गोळे भरलेत. ह्या होडीपाशी मी खूप वेळ थांबले. चिहुली लहान असताना जपानी कोळ्यांच्या जाळ्यांचे काचेचे तरंगते गोळे सुटून, वाहत इथल्या किनाऱ्याला लागायचे, त्या आठवणीतून हे गोळे आले. पावसाळ्यात आमच्यासाठी आचऱ्याच्या किनाऱ्यावर काय काय लागायचं, आणि दादा ते कुठे लपवायचा, ते तुम्हाला सांगायला नको.

आई, तुझ्यासाठी शेवटी ४० फूट उंच काचघर आहे. आत १०० फूट लांब काचफुलांची रांग वर टांगलीय, लाल, नारिंगी, पिवळी. बाहेर बागेत खऱ्या झाडांत काचेची झाडं. चिहुलीच्या आईला बागेचा फार नाद होता. थोरला मुलगा १९५७ मध्ये विमान चालवायला शिकताना अपघातात गेला, पुढच्याच वर्षी नवरा गेला. तिनं नोकरी धरली, घर चालवलं आणि धाकट्याच्या मागे लागून त्याला कॉलेजात घातलं. एवढंच लिहिते. बाकी तुला कळेल.

आता बाबा, नीट ऐका. १९७६ मध्ये इंग्लंडला ह्या माणसाच्या गाडीला अपघात झाला. काचा चेहऱ्यात घुसल्या आणि डावा डोळा गेला. तेव्हापासून डोळ्यावर काळी पट्टी. वितळलेली काच लांब नळीवर घेऊन फुंकायची, तीही हजारेक अंश तापलेली, आणि एका डोळ्यानं अंतराचा अंदाज येत नाही. तरी तो करत राहिला. तीन वर्षांनी समुद्राच्या लाटांत खांदा निखळला, तेव्हा मात्र नळी दुसऱ्यांच्या हाती दिली. पण भट्टी बंद केली नाही. तो मोठाल्या कागदांवर रंगांनी चित्रं काढतो, त्यावरून त्याची माणसं काच घडवतात. तिथली चित्रांची भिंत मी पाहिली. मागे उभं राहायला लागल्यावर आपल्याला ते आवडलं, काम चारी बाजूंनी दिसू लागलं आणि कुठे बिघडणार ते आधीच कळू लागलं, असं त्यानंच पुढे एका मुलाखतीत सांगितलंय. आणि बाबा, त्या संग्रहालयातलं बहुतेक सगळं काम डोळा गेल्यानंतरचं आहे.

'दुसऱ्यानं आखलेले डोळे माझे कसे?' असं तुम्ही म्हणणार. पण आपल्या शाळेत कधी एकट्याचा हात होता? आजोबांच्या वेळी माती तुम्ही मळायचात. पितांबराचे काठ आईचे. उंदरांचे डोळे सातवीपर्यंत माझे, आणि एकदा मी सगळे तिरळे केले तरी तुम्ही पुसले नव्हतेत. चिहुलीनंही १९६८ मध्ये व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर हेच पाहिलं होतं. एक उस्ताद, भोवती चार-पाच जण, प्रत्येकाला आपापलं काम माहीत. सुदाचा हात तुमच्याच हाताखाली तयार झालाय. त्याला फक्त कुणीतरी मागून 'पापणी जड झाली रे' म्हणणारं हवं. ते त्याला कोण सांगणार?

तिथे एक गोष्ट तुम्हाला नक्की आवडली असती. घडवलेली काच लगेच बाहेर ठेवत नाहीत. बंद पेटीत हळूहळू निववतात, नाहीतर वरचा भाग आधी आकसतो, आतला मागे राहतो आणि तडा जातो. आपण मूर्ती उन्हात न ठेवता सावलीत सुकवतो, तसंच ते. आणि काच वाळूचीच, तळेऱ्याकडे जाताना कासार्ड्याला जी सिलिका वाळू काढतात, तसल्या वाळूची. तुम्ही विचाराल म्हणून लिहून ठेवलं.

माझी काळजी करू नका. कोकमाचं आगळ अजून पुरतंय, सकाळी पेज करते, थंडीही उतरलीय. शाळेत वीज गेली की गॅसबत्तीच्या उजेडात मी पोत्यांवर झोपून जायचे, आणि तुम्ही रंगाचे हात लागू नयेत म्हणून मला कोपरांवर उचलून घरात न्यायचात. इथे कधी झोप लागली नाही की तेच आठवते.

आता सांगते ते मुकाट्यानं करायचं. डोळ्यातलं औषध दोन्ही वेळा, घड्याळ लावून. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा. दोन औषधांत दहा मिनिटं जाऊ द्यायची. बरं वाटतंय म्हणून बंद करायचं नाही. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, उरलेली मात्र ह्या थेंबांनी टिकते. कणकवलीला डोळ्याचं प्रेशर तपासायला जायची तारीख चुकवायची नाही, बाबल गाडी काढेल. माळ्यावर साचे काढायला चढायचं नाही. पोत्याला हात लावायचा नाही. पाठीची खुर्ची मागवलीय, ती आली की शाळेत दाराच्या उजव्या अंगाला ठेवा, तिथून तुमच्या चांगल्या डोळ्याला सगळी फळी दिसेल. दोन मोठे दिवे लावून घेतेय, बिलाचा विचार करू नका.

आई, तू गुडघ्यांचं तेल रोज लावतेस का खरं सांग. विहिरीवर जायचं नाही, पंप कशाला बसवला? मुलांच्या चहाला शेजारची वहिनी येणार आहे, बोलणं झालंय. तू फक्त काठ रंगव, तेही बसून.

बाबा, पहिल्या मूर्तीचे डोळे सुदानं आखावेत असं मला वाटतं. पण आपल्या घरच्या गणपतीचे नाहीत. ते तुम्ही ठरवा, मी काही बोलणार नाही. दादाच्या नावाचा पाट नेहमीच्याच जागी ठेवा. बाकीच्या पाटांमागे खडूनं नावं लिहून घ्या, मागच्या खेपेसारखा दोन सावंतांचा घोळ नको. आणि सुदाला आज संध्याकाळीच बोलावून घ्या. तो तुमच्या निरोपाची वाट बघतोय, आपणहून यायला घाबरतो.

तुमची,
बाय