टॅब घ्यायच्या आधी लॅपटॉप उघडून पाहा

टोरंटो, रविवार

प्रिय दादा आणि वहिनी,
नमस्कार.

दादा, कापसाचा चुकारा आला म्हणून टॅबसाठी लगेच अमरावती गाठू नको. फोनवर अकरावी सायन्सच्या पीडीएफ वाचून पोरीचे डोळे दुखतात, हे मान्य. पण घरात लॅपटॉप आहे, मंद झालाय इतकंच. आधी तो तपास.

लॅपटॉप सुरू करून पाच-दहा मिनिटं तसाच राहू दे. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाब. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा तरीही 100 टक्क्यांवर अडून बसला असेल, तर बहुतेक दोष आतल्या फिरत्या हार्ड डिस्कचा आहे. तिच्या जागी 256 जीबीची अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवून घे. रॅम 4 जीबी असेल तर 8 कर, पण जुनी पट्टी काढून दुकानात सोबत ने. डीडीआर-3एल आणि डीडीआर-4 या रॅमच्या दोन प्रकारांच्या खाचा वेगळ्या जागी असतात, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. काही लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच डकवलेली असते, तिथे नाद सोडायचा. उघडायच्या आधी सगळी कागदपत्रं पेनड्राइव्हवर घे. लोक नेमकं हेच विसरतात.

विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. इंटेलचा आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर असेल तर विंडोज 11 साधारणपणे बसत नाही. अशा वेळी विंडोजच्या जागी चालणारं मोफत लिनक्स मिंट टाक. ते पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येतं. वायफाय आणि आवाज चालला, तरच कायमचं बसव. महाडीबीटीचे शिष्यवृत्तीचे फॉर्म भरणं, फोटो ठरलेल्या केबीत बसवणं, ही कामं टॅबपेक्षा लॅपटॉपवर कितीतरी सोपी जातात.

टॅबची खरी बाजू एकच: लाईन. गावची डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली की दोन-दोन दिवस अंधार, आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी अर्धा तासही तग धरत नाही. टॅब मात्र 20,000 एमएएचच्या पॉवर बँकेवर दीड-दोनदा पूर्ण चार्ज होतो. शिवाय गणितं स्क्रीनवर हाताने सोडवायची असतील तर टॅबच हवा. पण त्याला ॲक्टिव्ह पेन चालतो का, ते आधी विचार. रबरी टोकाची स्वस्त कांडी घेतली तर तळहात टेकला की स्क्रीनवर रेघोट्या उमटतात.

त्यातही पैसे घालण्याआधी नागपूरच्या महाज्योती या सरकारी संस्थेची वेबसाइट पाहजो. ओबीसी, व्हीजेएनटी आणि एसबीसीतल्या नॉन क्रीमी लेयर मुलांना जेईई, नीट, सीईटीच्या तयारीसाठी ते टॅब आणि इंटरनेट डेटा मोफत देतात. अर्ज निघाले असतील तर दहावीची गुणपत्रिका, जातीचा दाखला आणि नॉन क्रीमी लेयर हाताशी ठेव.

घ्यायचाच झाला तर 10 ते 11 इंची स्क्रीन, 6 जीबी रॅम, 128 जीबी जागा आणि सिमची खाच, याच्या खाली उतरू नको. नुसत्या वायफायचा घेतला तर रोज तुझ्या फोनचं हॉटस्पॉट लागेल, आणि तू वावरात गेलास की पोरीचा क्लास बंद. दुकानात आपलं सिम टाकून पाहा, दोनशे पानांची स्कॅन केलेली पीडीएफ उघडून भराभर पानं सरकव. तिथेच अडखळला तर घरी सुधारणार नाही. सेटिंगमध्ये सिक्युरिटी पॅचची तारीख पाहा. ती वर्षभर जुनी असेल तर तो माल ठेव तिथेच.

इथून पाठवू का, असं वहिनींनी विचारलं. नको. जिओचं 4जी बँड (लहरींच्या पट्ट्या) 3, 5 आणि 40 वर चालतं आणि इथल्या काही मॉडेलांत 40 नसतो. वॉरंटीचा घोळ वेगळाच.

एक मात्र सांभाळा. मे महिन्यात दुपारी टिनाखाली काहीच चार्ज करू नका, टॅबही नाही आणि फोनही नाही. 45 अंशांच्या वर लिथियम बॅटरी चार्ज केली की ती लवकर मरते, कधी फुगतेही. पहाटे चार्ज करा, कव्हर काढून. मागचं झाकण उचललेलं दिसलं तर चार्जर लावूच नका.

लॅपटॉपच्या बुडाला चिकटवलेल्या स्टिकरचा फोटो पाठवजो. मॉडेल पाहून कोणती रॅम लागेल ते कळवतो.

तुझा,
धाकटा