आधी उताणे तरंगणे शिकवा

महोदय,

कोकणात पाठीला डबा बांधून मुलांना विहिरीत उतरवण्याची रीत जुनी आहे, परंतु त्यात भर हातपाय मारण्यावर असतो आणि दमल्यावर काय करायचे हे सहसा शिकवले जात नाही. पालथे पडलेल्या मुलाने डोके व खांदा वळवून उताणे व्हावे, कान पाण्यात बुडू द्यावेत आणि छातीत हवा भरून घ्यावी. एवढे जमले तरी तोंड पाण्याबाहेर राहते व हाक मारता येते. हा सराव कमरेइतक्या संथ पाण्यात, मानेखाली जाणत्या माणसाचा हात ठेवूनच व्हावा. खाडीच्या खाऱ्या पाण्यात अंग थोडे अधिक हलके वाटते, पण तेथे पाण्याची ओढ असते, म्हणून त्या हलकेपणावर विसंबू नये. शाळांनी मे महिन्यात, पऱ्ये (पावसाळी ओढे) भरण्यापूर्वी, असे वर्ग घ्यावेत, ही कळकळीची विनंती.

— एक पालक, गुहागर