ताई, समास मोठा सोडलाय

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही नोकरीवर रुजू झालात त्याला महिना होत आला. ग्रंथालयातली खिडकीजवळची तुमची खुर्ची आता कुणीही पटकावतं. निघताना तुम्ही म्हणालात, "आभारबिभार काही नको, पुढचा निबंध लिहिलास की पाठव." निबंध पाठवतेच आहे. पण आभारही मानणार आहे, आणि तेही चारचौघांसमोर. तालुक्याच्या गावातून पहिल्यांदाच विद्यापीठात येणाऱ्या पोरापोरींच्या हाती हे पत्र पडलं, तर त्यांची निदान एक सहामाही वाचेल. नाव घालू नकोस, असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं ताई.

आपली ओळख झाली त्या दिवशी माझा निबंध २० पैकी ७ गुण घेऊन परत आला होता. विषय होता १८७५ चे दख्खनचे दंगे, म्हणजे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध केलेले. मी १२ पानं लिहिली होती, सुवाच्य अक्षरात, मथळ्यांखाली पट्टीने रेघा मारून. गुणांच्या शेजारी कसलाही शेरा नव्हता. काय चुकलं तेच कळेना, आणि विचारायचं कुणाला तेही कळेना. ग्रंथालयात बसून मी ती पानं उलटसुलट करत होते. तुम्ही समोरून विचारलंत, "बघू का?"

तुम्ही पहिली तीन पानं सावकाश वाचलीत आणि चौथ्या पानाच्या मध्यावर पेन्सिलीने एक आडवी रेघ ओढलीत. "१८७५ साल इथे येतंय," म्हणालात. "याच्या वरचं सगळं काढून टाकलं तर काय बिघडेल, सांग." मी त्या तीन पानांकडे बघत राहिले. "प्राचीन काळापासून भारत हा कृषिप्रधान देश आहे" इथून सुरुवात होती. मग शेतकरी जगाचा पोशिंदा. मग ब्रिटिशांचं आगमन. काहीच बिघडत नव्हतं.

शाळेत दहा वर्षं आम्ही निबंध लिहिले. सुरुवातीला सुविचार, मध्ये मुद्दे, शेवटी कवितेच्या दोन ओळी. त्या निबंधांना बक्षिसं मिळाली होती. तुम्ही त्यांना नावं ठेवली नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. "त्या लिखाणाने तुझा हात वळता झालाय, तो असू दे," म्हणालात, "पण इथे वाचणाऱ्याला विषयाची माहिती आधीच आहे. त्याला तुझं म्हणणं हवंय. तुला यातलं नक्की काय विचारायचंय?"

मला काहीच विचारायचं नव्हतं. "कारणे आणि परिणाम" हे शीर्षक प्रश्नपत्रिकेतून आलं होतं. तुम्ही म्हणालात, आज घरी जा, लिहू नकोस. या प्रकरणातलं तुला खटकणारं, न उमगणारं असं एक काहीतरी शोधून आण.

दोन दिवस मी नुसती वाचत होते. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात बाजारच्या ठिकाणी आसपासचे शेतकरी जमले आणि सावकारांवर चालून गेले. तिथून हे लोण नगर जिल्ह्यात आलं. तिसाहून जास्त गावांत असं घडलं. बहुतेक ठिकाणी एकच मागणी होती: हिशोबाच्या वह्या आणि कर्जाची खतं, म्हणजे कर्जरोखे, आमच्या हवाली करा. मिळाली की ती जाळायची. हे वाचताना मला खटकलं ते हे, की माणसं एवढी चिडलेली असताना कागदच का जाळतात?

त्या रात्री मी आजोबांना फोन केला. आमचं गाव श्रीगोंदे तालुक्यातलं, म्हणजे त्याच मुलुखातलं. त्यांना १८७५ बद्दल काही माहीत नव्हतं, पण माझा प्रश्न त्यांनी हातोहात निकालात काढला. "कागद राहिला म्हणजे कर्ज राहिलं. माणूस मेला तरी कागद मरत नाही." हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत. "सापडला तुझा निबंध," म्हणालात. आणि लगेच, "पण आजोबा हा पुरावा नव्हे. आजोबांनी वाट दाखवली. चालायचं तुला आहे."

पुढचे सहा गुरुवार आपण त्या वाटेने गेलो. तुमचा स्वतःचा प्रबंध सादर करायची मुदत जवळ आलेली असताना तुम्ही दर गुरुवारी दोन तास माझ्यासाठी काढत होतात. त्या तासांची किंमत मला तेव्हा कळली नव्हती. आता लघुप्रबंधाला बसल्यावर कळतेय.

त्यातल्या चिठ्ठ्यांबद्दल सविस्तर लिहिते, कारण मला खरा फायदा झाला तो त्यांचाच. पाठकोऱ्या कागदांचे चार-चार तुकडे करायचे. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. वर कोपऱ्यात कुणाचं, कुठलं, पान किती. खाली मजकूर, आणि तो लिहिताना पुस्तक मिटलेलं हवं. पुस्तक उघडं ठेवून लिहिलेली चिठ्ठी तुम्ही फाडायचात. मला पहिल्यांदा राग आला होता, कारण बघून लिहिलं की दहा मिनिटांत होतं आणि मिटून लिहायला अर्धा तास लागतो. पण मिटल्यावरच कळायचं, की आपल्याला हे समजलेलंच नाही. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याची चिठ्ठी मी चार वेळा लिहिली. तीन वेळा मी "खताची मुदत तीन वर्षांची झाली" एवढंच लिहिलं. चौथ्या वेळी पुस्तक मिटून बसले आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. मुदत तीन वर्षं, म्हणजे दर तीन वर्षांनी नवं खत. नव्या खतात थकलेलं व्याज मुद्दलात मिसळायचं आणि त्यावर पुन्हा व्याज. आपल्याकडे दामदुपटाचा जुना रिवाज होता, व्याज मुद्दलापेक्षा जास्त घेता येत नव्हतं. पण दर तीन वर्षांनी मुद्दलच फुगत असेल, तर दामदुपट धरून काय उपयोग? सावकारांना चाप लावायला केलेला कायदा कर्जदाराच्याच गळ्याला लागला. दंग्यांनंतर नेमलेल्या चौकशी आयोगासमोर एक प्रकरण असं आलं, की १०० रुपयांच्या कर्जावर २,००० रुपयांहून जास्त व्याज लावलं होतं. हा आकडा मला आधीपासून पाठ होता. तो कसा होतो, ते चौथ्या चिठ्ठीला कळलं.

चिठ्ठ्या शंभरेक झाल्या तेव्हा आपण त्या लांब टेबलावर मांडल्या. तुम्ही म्हणालात, आता पत्ते पिसल्यासारख्या हलव आणि जिच्यावाचून प्रश्नाचं उत्तर अडत नाही ती बाजूला काढ. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या चिठ्ठ्या मला फार आवडत होत्या. १८६१ ला युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, सावकार मागेल त्याला कर्ज देऊ लागले. १८६५ ला युद्ध संपलं आणि भाव कोसळले. अशा अकरा चिठ्ठ्या होत्या. तुम्ही त्यातल्या दोनच ठेवू दिल्यात: कर्ज कसं वाढलं आणि नवं कर्ज का बंद झालं. बाकीच्या नऊ मी अजून एका पाकिटात जपून ठेवल्यात.

मग ते गोल. दुसऱ्या मसुद्याच्या एका पानावर तुम्ही अकरा गोल काढले होते, आणि प्रत्येक गोलात एकच शब्दजोडी होती: "करण्यात आले" नाहीतर "करण्यात आली". शेतसाऱ्यात वाढ करण्यात आली. जप्ती करण्यात आली. आयोगाची नेमणूक करण्यात आली. प्रत्येकाच्या शेजारी समासात "कुणी?" मी आपलं भारदस्त वाटावं म्हणून तसं लिहीत होते. दुरुस्त करायला बसले तर अकरापैकी चार ठिकाणी कुणी केलं हे मलाच माहीत नव्हतं. ते शोधावं लागलं, आणि शोधलं तेव्हा वाक्यं आपोआप सरळ झाली. "मुंबई सरकारने शेतसाऱ्याची ३० वर्षांची मुदत संपल्यावर जमिनींची फेरपाहणी केली आणि १८६७ मध्ये इंदापूर तालुक्यापासून सारा वाढवायला सुरुवात केली." जप्तीच्या वाक्यात तर गंमत अशी निघाली, की हुकूमनामा न्यायालयाचा आणि अर्ज सावकाराचा. म्हणजे कागदाला जोर आला तो कोर्टाच्या दाराशी. हे "करण्यात आली"च्या आड लपून बसलं होतं. मराठीत अभ्यासाचं लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या पानावर कुणीतरी असे गोल काढायला हवेत, असं मला मनापासून वाटतं.

आता तो एक गुरुवार. त्याबद्दल आपण पुन्हा कधी बोललो नाही, पण आभाराच्या पत्रात तो वगळला तर पत्र खोटं ठरेल. मसुद्यात एक परिच्छेद मी इंग्रजी लेखातून मराठीत करून घातला होता, संदर्भ न देता. मला वाटलं, भाषांतर मी केलंय, म्हणजे शब्द माझेच. तुम्ही वाचता वाचता थांबलात. "हे तुझं नाही," म्हणालात. "तू 'तथापि' म्हणत नाहीस." मग बराच वेळ काहीच बोलला नाहीत. मला रडू येत होतं. शेवटी तुम्ही मला बाहेर चहाला नेलंत आणि शांतपणे समजावलंत, की भाषा बदलली तरी विचाराचा धनी बदलत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याचे नियम केले, प्रबंधात १० टक्क्यांच्या वर साम्य निघालं तर कारवाई होऊ शकते. पण मराठीत उतरवलेली इंग्रजी चोरी संगणकाला सहसा सापडत नाही, आणि म्हणूनच ती ज्याची त्याने धरायची असते. "तुझ्या आजोबांचं वाक्य मी माझ्या नावावर खपवलं तर चालेल का तुला?" या प्रश्नाने माझा घसा दाटून आला. त्यानंतर मी एकही परिच्छेद तसा लिहिलेला नाही. तुम्ही त्या दिवशी रागावून उठून गेला असतात, तर मी चोरी लपवायला शिकले असते.

विरुद्ध मताचंही तसंच. नील चार्ल्सवर्थ या अभ्यासकाने १९७२ मध्ये मांडलं होतं, की या दंग्यांचं महत्त्व उगाच फुगवलं गेलंय. ते वाचून मी हादरले, माझा विषयच पायाखालून निघाला असं वाटलं. मी त्यांना दोन ओळींत खोडून टाकलं. तुम्ही ते पान परत दिलंत. "त्यांच्या बाजूने एक अख्खं पान लिही, ते स्वतः वाचून मान डोलावतील असं. मग उत्तर दे." ते पान लिहिताना पटलं, की गावं खरंच मोजकी होती, रक्तपात फार थोडा होता, आणि माझ्या पहिल्या मसुद्यातला "महाराष्ट्र पेटून उठला" हा शब्दप्रयोग टिकत नाही. तो मी काढला. पण माझा प्रश्न मात्र त्यामुळे आणखी धारदार झाला. एवढा थोडा रक्तपात झाला, म्हणजे लोकांनी आपला राग कागदावर नेमका रोखला होता. आणि सरकारनेही ते ओळखलं असावं, कारण १८७९ च्या दख्खन शेतकरी मदत कायद्याने न्यायालयांना खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासायची मुभा दिली. माझा निबंध या कायद्यापाशी संपतो. शेवटी कवितेच्या ओळी नाहीत.

त्या निबंधाला १५ गुण मिळाले. घरी सांगितल्यावर आईने विचारलं, "पाच कुठे गेले?" ते तुम्हालाही सांगितलं होतं, तुम्ही खूप हसला होतात.

एक गोष्ट मात्र तुम्हाला माहीत नाही. मागच्या आठवड्यात पहिल्या वर्षाची एक मुलगी माझ्या समोरच्या खुर्चीवर बसून गुण मिळालेला निबंध उलटसुलट करत होती. जत तालुक्यातली आहे, विषय दुष्काळाचा. मी विचारलं, "बघू का?" तिच्याकडेही १८७६ चा दुष्काळ पाचव्या पानावर उगवतो. पेन्सिल माझ्याकडे नव्हती, तिचीच घेतली.

सोबत लघुप्रबंधाचं पहिलं प्रकरण पाठवतेय, दंग्यांच्या चौकशी आयोगासमोरच्या जबान्यांवरचं. तुम्ही विचारलेला प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही: शेतकरी बोलला मराठीत, अहवालात आलं इंग्रजीत, तर मधल्या माणसाने काय गाळलं? पान ९ वर मी अंदाज केलाय आणि तो अंदाज आहे असं स्पष्ट लिहिलंय. तिथे जरा थांबून वाचा. "दंगे" म्हणावं की "उठाव", याचा खुलासा तुम्ही सांगितल्याप्रमाणे पहिल्याच पानावर केलाय. तळटीप १४ मध्ये पानाचा आकडा चुकला होता, तो सुधारलाय.

छापील प्रत पोस्टाने येईल. समास दोन्ही बाजूंनी मोठा सोडलाय.

तुमची,
श्रीगोंद्याची