टेलिफोन रंगवून झाला, प्रश्न राहिले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला बालवाडीत इतिहास आणि समाजशास्त्र ‘सर्जनशील’ पद्धतीनं शिकवण्याबद्दलचा पानभर लेख वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा मला वाटलं, मधला एखादा परिच्छेद आपल्या नजरेतून सुटला असावा. सुटला नव्हता. अख्ख्या लेखात एकही मूल काही विचारत नाही. ती कापतात, चिकटवतात, टोप्या घालून ‘मी पोस्टमन, मी पत्रं वाटतो’ म्हणतात आणि टाळ्या घेतात. फोटो मात्र छान आलेत. छायाचित्रकारांना कळवावं.

आधी एक किरकोळ दुरुस्ती. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांनी १८४० मध्ये पहिली बालवाडी ‘सुरू केली’ असं छापलं आहे. ब्लांकेनबुर्गची त्यांची संस्था १८३७ सालची. १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव मिळालं. इतिहास कसा शिकवावा हे सांगणाऱ्या लेखात सनावळी तरी तपासून घ्यायची.

आता मुद्द्याचं. लेखातल्या तिसऱ्या फोटोत एक आजोबा जुना रेडिओ घेऊन बसलेत आणि मुलं कॅमेऱ्याकडे बघताहेत. तसाच एक फोटो माझाही आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

दोन वर्षांपूर्वी नातीच्या बालवाडीतून निरोप आला, की आजी-आजोबांनी एखादी जुनी वस्तू घेऊन वर्गात यावं. मी बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. घरात काळा, डायलचा, एका हातानं उचलला तर मनगट दुखेल असा फोन जपून ठेवलेला. तोच नेला. बुटक्या टेबलावर ठेवला आणि भोवती वीस-बावीस मुलं बसली.

एकानं भोकांमध्ये बोट घालून दाबून पाहिलं आणि ‘बंद पडलाय’ असं जाहीर केलं. मी फिरवून दाखवला. डायल परत येताना आतून टकटक आवाज येतो, तो ऐका म्हटलं. एक फिरवला, एक ठोका. पाच फिरवला, पाच. मुलं बोटांवर मोजायला लागली. मग एका मुलीनं शून्य फिरवला. शून्य म्हणजे काही नाही, तेव्हा काहीच वाजणार नाही, ही सगळ्यांची खात्री. वाजले दहा ठोके. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी लबाडी केली होती. तिला म्हटलं, ठोकाच पाठवला नाही तर पलीकडच्या यंत्राला कळणार कसं की कुणी काही फिरवलंय? ती जरा वेळ गप्प बसली आणि तिनं पुन्हा शून्य फिरवला.

मग प्रश्न सुरू झाले. कुणाचा फोन आलाय ते कसं कळायचं? उचलल्यावर. मग नको असलेला माणूस निघाला तर? याला दोरी का बांधलीय? (‘कुणी पळवू नये म्हणून,’ हे उत्तर दुसऱ्या मुलानंच दिलं.) आई बाहेर गेली की तिला फोन कसा लावायचा? मी म्हटलं, नाही लावता यायचा. ती येईपर्यंत वाट बघायची. ‘आणि तेवढ्यात काही झालं तर?’

संपादक महाराज, बत्तीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी सांगितलं, शेजारी जायचो. सबंध इमारतीत एकच फोन होता. ज्यांच्या घरी होता, ते हाक मारायचे आणि आपलं बोलणं त्यांच्या घरातल्या सगळ्यांना ऐकू जायचं. ‘सगळं?’ एकानं विचारलं. सगळं, म्हटलं. आता शेजार, वाट बघणं, कुणाकडे काय आहे नि कुणाकडे नाही, खासगी काय आणि चारचौघांतलं काय, यातलं समाजशास्त्र नसलेलं काही असेल तर तुमच्या लेखकांनी मला दाखवावं.

तेवढ्यात बाईंनी टाळी वाजवली. ‘चला, आता ॲक्टिव्हिटी!’ प्रत्येकाला एक छापील कागद मिळाला. त्यावर टेलिफोनचं चित्र. रेषेच्या आत रंगवायचं. चित्रातल्या फोनला डायल नव्हतंच, बटणं होती! एका मुलानं काळा खडू उचलला, तर त्याला ‘काळा नको, छानसा रंग घे’ असं सांगण्यात आलं. माझ्या हातात रिसीव्हर देऊन फोटो काढला आणि आभार मानले. भिंतीवर घड्याळ होतं. मी आत आल्यापासून पंधरा मिनिटं झाली होती.

दोष एकट्या बाईंचा नाही, हे मला कळतं. कागद वहीत चिकटला नाही तर पालक विचारतात, ‘आज काय शिकवलंत?’ पण तुमचा लेख त्या कागदालाच सर्जनशीलता म्हणतो, त्याचं काय करायचं?

तुमचे लेखक पुढे लिहितात, की लहान मुलांना काळाचं भान नसतं, म्हणून ‘मी, माझं घर, माझा परिसर’ एवढंच शिकवावं. भान कच्चं असतं, हे खरं. त्याच दिवशी एका मुलानं मला सांगितलं, की बाई माझ्यापेक्षा मोठ्या आहेत, कारण त्या उंच आहेत. (मी एकाहत्तर वर्षांचा आहे आणि बुटका आहे.) मुलं उंची आणि वय यांची अशी गल्लत करतात, हे स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी फार पूर्वी दाखवून दिलंय. १९२८ मध्ये दाव्होसला आइन्स्टाइन यांनी त्यांना विचारलं होतं, की मुलाला आधी वेळ उमगते की वेग, आणि त्यावरून पियाजे यांनी पुढे मुलांच्या कालकल्पनेवर बरंच काम केलं. पण गल्लत होते म्हणून विषयच बंद? हीच मुलं साडेसहा कोटी वर्षांपूर्वी संपलेल्या डायनासोरची अवघड नावं न अडखळता घेतात. त्यांना ‘माझं घर’च्या चौकटीत कुठे बसवणार?

आमच्या सौ.नी वीस वर्षं बालवाडी चालवली. त्यांनी तुमचा लेख वाचला, घडी घातली आणि रद्दीत ठेवला. राग आला तो मला. त्या वर्गात एक दोरी बांधायच्या. तिच्यावर मुलाचं बाळपणीचं झबलं, मग आताचा सदरा, मग त्याच्या आईचा लहानपणचा फोटो, मग आजीचा. आजीचा फोटो कुठे टांगायचा यावरून अर्धा तास वाद व्हायचा. नागरिकशास्त्र झोपाळ्यापाशी चालायचं. नंबर कुणाचा, हा नियम मुलांनीच करायचा. एका आठवड्यात तो तीनदा बदलला, कारण पहिल्या नियमात जो धावत आधी पोचेल त्याचाच नंबर लागायचा आणि एका मुलीच्या पायाला प्लास्टर होतं.

यात नवीन काही नाही. न्यूयॉर्कमध्ये १९१४ साली शाळा काढणाऱ्या कॅरोलिन प्रॅट मुलांना बाहेर नेऊन बोटी, गोदी, रस्ते दाखवत आणि परत आल्यावर मुलं लाकडी ठोकळ्यांतून पाहिलेलं उभं करत. ठोकळ्यांवर काही छापलेलं नसे. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तर गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. ही नावं लेखात एका वाक्यात तरी यायला हवी होती. त्या जागी रंगीत कागद कुठला घ्यावा याची चौकट आहे.

जाता जाता आणखी एक. मुलांच्या पानावरच्या कोड्याचं उत्तर त्याच पानावर, उलटं छापून का होईना, देत चला. नात आठवडाभर थांबत नाही, मलाच सोडवावं लागतं.

गेल्या खेपेस माझ्या पत्राची शेवटची चार वाक्यं तुम्ही जागेअभावी गाळलीत. या खेपेस गाळायचंच असेल तर फ्रोबेलचा परिच्छेद गाळा. शून्याचा नको.

आपला,
एक निवृत्त टेलिफोनवाला