स्टॅनफर्डहून तासगावला

4 नोव्हेंबर 2024

ती. आई-बाबा आणि आजी यांना साष्टांग नमस्कार.

दिवाळी मजेत झाली. फराळाचा डबा अजून यायचाय, पण येईल. चकल्यांचा चुरा झाला तरी खाईन. लक्ष्मीपूजन केलं, दारात रांगोळीही काढली. फक्त इथे खोलीत काही पेटवायला बंदी आहे, म्हणून पणत्या सेलवरच्या. आजी, देवीला चालतं. मी विचारलं तिला.

आत्याने फोनवर परत तेच काढलं, की आपली माणसं सोडून त्या मेक्सिकन लोकांत कशाला राहतेस? आता एकदाचं लिहूनच टाकते, म्हणजे तिला वाचून दाखवता येईल. कासा सापाटा हे विद्यापीठाचंच हॉस्टेल आहे, स्टर्न हॉलमधलं, 1972 सालापासूनचं. एमिलियानो सापाटा हा मेक्सिकोतल्या शेतकऱ्यांच्या जमिनीसाठी लढलेला माणूस, त्याचं नाव दिलंय. माझ्यासारख्या बाहेरच्यांनाही इथे राहता येतं. घेवड्याची उसळ, भात, मक्याच्या टॉर्टिया रोज मिळतात, त्यामुळे बीफचा प्रश्नच येत नाही. वजन उतरलेलं नाही, फोटोत उगाच तसं दिसतं. मुलं-मुली एकाच इमारतीत आहेत हे खरं, पण अभ्यासातून कुणाला कुणाकडे बघायला सवड नाही.

आता तो फोटो. आजी, तू म्हणे आण्णांचा फोटो कवट्यांच्या शेजारी बघून देव पाण्यात ठेवलेस. नीट सांगते. मेक्सिकोत 1 आणि 2 नोव्हेंबरला गेलेली माणसं घरी येतात असं मानतात. पहिला दिवस लहान मुलांचा, दुसरा मोठ्यांचा. त्यांच्यासाठी पायऱ्यापायऱ्यांची मांडणी करतात, तिच्यावर फोटो, मीठ, गोड पाव आणि लांबून तहानलेले येणार म्हणून पाणी. झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात, त्या वासावर ते येतात. (झेंडू मूळचा तिकडचाच, आपल्याकडे नंतर आला. दसऱ्याला आपण कुणाचं फूल वाहतो बघ!) कवट्या साखरेच्या असतात आणि त्यांच्या कपाळावर जिवंत माणसाचं नावही घालतात. माझ्या नावाची समोर ठेवली तेव्हा मीही दचकले. पण त्यात अशुभ काही नाही, पोरं ती कडाकडा चावून खातात. आपल्या पितृपक्षासारखं म्हणशील, तर कावळ्याची वाट बघणं नाही, गंभीर चेहरे नाहीत. गेलेल्या माणसाच्या खोड्या सांगून हसतात, गाणी म्हणतात, त्याला आवडत असेल तर बिअरसुद्धा ठेवतात. मग मीही आण्णांसमोर चहा ठेवला. साखर चार चमचे, डॉक्टरांनी बंद केल्यावर चोरून प्यायचे तसा.

शेजारचा फोटो माझ्या खोलीतल्या मैत्रिणीच्या आजोबांचा. त्यांच्यापुढे द्राक्षांचा घड आणि छाटणीची कात्री होती, मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेली, हुबेहूब आपल्या बागेतली. आयुष्यभर ते कॅलिफोर्नियातल्या डेलानोला द्राक्षं तोडायचे. बाबा, तिथे 1965 साली मजुरांनी संप केला, तो पाच वर्षं चालला. आधी फिलिपिनो मजूर उठले, मग मजुरांचा पुढारी सेझार चावेझ याची माणसं त्यांना मिळाली. गावोगाव लोकांनी द्राक्षं घेणं सोडलं, तेव्हा कुठे मालकांनी करार केले. आमच्या जेवणाच्या हॉलच्या भिंतीवर तो चावेझ आहे. होसे आंतोनियो बुर्सियागा नावाचे चित्रकार इथेच मुलांबरोबर राहायचे. तुमचे आदर्श कोण, असं मुलांना विचारून त्यांनी त्या सगळ्यांना एका लांब टेबलाशी जेवायला बसवलंय. काहींनी आईचं, आजीचं नाव दिलं होतं. म्हणून टेबलक्लॉथवर लिहिलंय, की आमच्यासाठी मेले, फरशा पुसल्या, रडले, झगडले त्या सगळ्यांना. मी रोज त्याच्यासमोर बसून जेवते. आई, बाकी काही नाही.

मैत्रिणीला सांगितलं, आमचीही थॉमसन द्राक्षांची बाग आहे. तिने विचारलं, तोडतं कोण? छाटणीच्या टोळीचा हिशेब यंदा दिवाळीआधी चुकता झाला ना, बाबा? सहज विचारलं. द्राक्षांवरचा डावणी रोग आटोक्यात आहे का, तेही कळवा.

ताईच्या लग्नाबद्दल. धनुर्मासाआधीचाच मुहूर्त हवा हे मला कळतं, पण नेमकी त्याच आठवड्यात माझी परीक्षा आहे. तिकिटाचा प्रश्न नाही. म्हणजे आहे, पण परीक्षा मुख्य. 600 डॉलर पाठवलेत, 84 च्या भावाने पन्नास हजारांच्या आसपास होतील. कर्जातले नाहीत, लायब्ररीतल्या कामाचे आहेत. आठवड्याला 20 तासांपर्यंत काम करायला इथे परवानगी आहे, मी त्याहून कमीच करते. त्यातून मंडपवाल्याचं भागवा, पतसंस्थेकडे जाऊ नका. आणि आत्याला सांगा, माझ्यासाठी आणलेलं पुण्याचं स्थळ दोन वर्षं तरी झाकून ठेव.

मुहूर्त दुपारी 12 वाजून 35 मिनिटांचा, म्हणजे इथे आदल्या रात्रीचे 11 वाजून गेलेले असतील. मी जागीच असेन, पेपर सकाळी आहे. फोन मांडवात कुणाच्या तरी हातात द्या, खुर्चीवर ठेवू नका, मागच्या वेळेला मला अर्धा तास पंखाच दिसत होता.

तुमची,
सोनू

ता. क. करवली म्हणून पिंकीला उभी करा. पण तिला माझी जांभळी पैठणी देऊ नका.