वॉर्डातल्या ड्युट्या कोण ठरवते? मा. आरोग्यमंत्र्यांना एका निवृत्त परिसेविकेचे खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

शासकीय रुग्णालयांत आधी अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) आणि पुढे परिसेविका (वॉर्डाची प्रमुख परिचारिका) म्हणून सव्वीस वर्षे नोकरी करून मी निवृत्त झाले आहे. परिचारिकांच्या रिक्त पदांविषयी आपल्याकडे निवेदने येतच असतात. मी लिहिते आहे ते भरलेल्या पदांवरचे काम कसे वाटले जाते, याविषयी.

एका गावाहून दुसऱ्या गावी होणाऱ्या बदलीला 2005 च्या बदली अधिनियमाचा आधार आहे. एकाच रुग्णालयात मात्र कोणी वर्षानुवर्षे बाह्यरुग्ण विभागात सकाळची पाळी करायची आणि कोणी अपघात विभागातून हलायचेच नाही, हे माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा एका व्यक्तीच्या मर्जीवर ठरत आले. सणाचा ऑफ, मुलांच्या परीक्षेतली रजा, प्रशिक्षणासाठी नाव पाठवणे, कामाच्या वार्षिक गोपनीय अहवालातला शेरा, सगळे त्या मर्जीच्या मागून येते.

याचा परिणाम रुसव्याफुगव्यांपुरता राहिला असता, तर मी आपला वेळ घेतला नसता. एका संध्याकाळी मर्जीतल्या एका सिस्टरने मधुमेहाच्या रुग्णाला इन्सुलिन दिले, पण चार्टवर नोंद केली नाही. रात्रपाळीच्या तरुण सिस्टरला शंका आली होती. पण तिने फोन करून विचारले नाही, कारण आदल्या महिन्यात अशीच चूक दाखवल्यावर तिच्या वाट्याला लागोपाठ नाइट आल्या होत्या. ती दुसरा डोस भरत असताना रुग्णाची बायको म्हणाली, “आत्ताच तर सुई दिली.” त्या माउलीमुळे अनर्थ टळला. सकाळी लेखी खुलासा मागितला गेला, तोही रात्रपाळीच्या मुलीकडूनच.

त्यानंतर ती कधी काही बोलली नाही. पाळी संपताना पुढच्या सिस्टरला रुग्णांची माहिती देणे, म्हणजे तिचे हँडओव्हर, दोन वाक्यांत संपू लागले, नव्या मुलींना शिकवणे तिने सोडले. तिला कोणी आळशी म्हटले की मला अजूनही वाईट वाटते. यात माझाही दोष आहे: अवघड रुग्ण मी नेहमी ठरावीक दोन सिस्टरांकडेच देत असे, कारण त्या नाही म्हणत नसत, त्यांतली एक नोकरी सोडून गेली, तेव्हा मला ते उमगले.

म्हणून माझी मागणी अशी, की वॉर्डांचे आणि रात्रपाळ्यांचे फेरपालट ठरावीक मुदतीने व्हावेत, त्यांचे पत्रक सर्वांना दिसेल असे लावावे आणि गरोदरपण किंवा आजारपणामुळे दिलेली सवलत लेखी नोंदवावी. औषधातली चूक कळवण्याची वाट ड्युटी लावणाऱ्या व्यक्तीच्या टेबलावरून जाऊ नये. गोपनीय अहवालातला प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये देवदत्त प्रकरणात सांगितले आहे. तो परिचारिकांनाही वेळेत मिळावा.

आपण एखाद्या जिल्हा रुग्णालयाच्या पाहणीला जाल, तेव्हा औषधसाठ्याच्या नोंदवहीबरोबर मागच्या वर्षभराची ड्युटी पत्रकेही मागवावीत आणि नाइटच्या रकान्यात कोणती नावे पुन्हा पुन्हा येतात ते स्वतः पाहावे, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका